आधी हवा कुठून सुटते ते ऐका

वाचकांचे प्रश्न : कंप्रेसर आणि खिळ्यांच्या गन

या महिन्यात आलेल्या पत्रांत बेळगावच्या उद्यमबागेतल्या पॅकिंगच्या पेट्या ठोकणाऱ्यांपासून जांबोटीच्या सुतारांपर्यंत सगळे आहेत. बहुतेकांनी एकच विचारलंय : कुठला पार्ट बदलू? पार्ट नंतर. हवा कुठून सुटते आणि नेमकी केव्हा सुटते, एवढं पत्रात लिहिलं असेल तर मी इथं बसून निम्मं दुखणं सांगू शकतो. मशीन बंद असताना सुटते की चालू असताना? ट्रिगर दाबल्यावर की नुसता पाइप जोडल्या जोडल्या? पाना हातात घ्यायच्या आधी कान लावा. साबणाचं पाणी आणि एक जुना ब्रश जवळ ठेवा. एवढ्यावर मोटार रिवाइंडिंगचा खर्च वाचल्याचं मी पुष्कळदा पाहिलंय.

खानापूर तालुक्यातून एक सुतार लिहितात : “माझा दोन एचपीचा सिंगल फेज कंप्रेसर आहे, टाकी ५० लिटरची. सकाळी टाकी रिकामी असताना झटक्यात चालू होतो, ८ किलो दाबावर ऑटो बंद होतो. पण हवा उतरून परत स्टार्ट घ्यायची वेळ आली की नुसता गुणगुणतो, फिरंना. मग एमसीबी पडते. कपॅसिटर बदलला, दोन दिवस चाललं, परत तेच. आता इलेक्ट्रिशियन म्हणतोय मोटार जळत आलीय, रिवाइंड करा. करू काय? शेड घरापासून लांब आहे, वायर ओढून घेतलीय.”

मामा, मोटारीला अजून हात लावू नका. रिकाम्या टाकीवर जी मोटार झटक्यात फिरते ती सहसा बरी असते. तिला जड जातंय ते पिस्टनच्या डोक्यावर अडकून राहिलेल्या हवेमुळं.

टाकी भरली की मोटार आपोआप बंद करणारा तो ऑटो स्विच. चांगल्या कंप्रेसरमध्ये तो बंद झाला की त्याच्या बुडाशी असलेला छोटा अनलोडर व्हॉल्व्ह उघडतो. पंपाच्या हेडपासून टाकीपर्यंतच्या नळीतली दाबाची हवा तो सोडून देतो. म्हणून कंप्रेसर थांबताना ‘फुस्स’ असा आवाज येतो, एखाद-दोन सेकंदांचा. टाकीतली हवा त्या वाटेनं परत येऊ नये म्हणून टाकीच्या तोंडाशी एनआरव्ही, म्हणजे हवा एकाच दिशेनं जाऊ देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, बसवलेला असतो. पुढच्या वेळी पिस्टनवर दाब नसतो, त्यामुळं मोटार हलकी सुरू होते.

आता तुम्ही एवढंच करा. टाकी भरू द्या, ऑटो बंद झाला की स्विचजवळ कान न्या. तीन गोष्टी होऊ शकतात.

‘फुस्स’ आलाच नाही, तर अनलोडर चिकटलाय किंवा त्याची बारीक नळी कार्बननं बुजलीय. नळी काढा, साफ करा, अनलोडरची पिन बोटानं हलते का बघा.

‘फुस्स’ सुरू झाला आणि थांबतच नाही, टाकीचा काटा हळूहळू उतरतोय, तर एनआरव्ही गेलाय. अनलोडर बिचारा त्याचं काम करतोय, पण टाकी उलटी रिकामी होतेय. असं असताना पुष्कळजण ऑटो स्विच बदलतात आणि नव्या स्विचमधूनही तशीच हवा गळते. एनआरव्ही खोलण्याआधी प्लग काढा, टाकीच्या तळाचा ड्रेन कॉक (पाणी काढायची तोटी) उघडा, काटा शून्यावर आलेला डोळ्यांनी बघा. मगच पाना लावा. आत एक स्प्रिंग आणि रबराची किंवा टेफ्लॉनची चकती असते. चकतीवर कार्बनचे कण असतील तर पुसून परत बसवा. चकतीला खोल वण पडला असेल तर नवी घाला.

‘फुस्स’ आला आणि एक-दोन सेकंदांत थांबला, तर कंप्रेसर दोषी नाही. मग वायरीकडं बघायचं, आणि तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य वाचून माझं लक्ष तिथंच गेलं. दोन एचपीची सिंगल फेज मोटार चालताना साधारण १० अँपिअर घेते, पण सुरू होताना क्षणभर त्याच्या पाचपटीच्या आसपास. तुमची वायर १ चौरस मिलिमीटरची आणि शेड ५० मीटरवर असेल, तर जाऊन-येऊन १०० मीटर तांब्याचा रोध जवळपास १.८ ओहम होतो. ५० अँपिअरला हिशेबानं ९० व्होल्ट नुसत्या वायरीत गेले. २३० मधले १४० उरले. एवढ्यावर टाकीत दाब असताना मोटार उठणार कशी? ती गुणगुणत राहणार, तापणार आणि स्टार्टिंगचा कपॅसिटर खाणार. तुमचा नवा कपॅसिटर दोनच दिवस टिकला तो याच मारानं. ४ चौरस मिलिमीटरची वायर टाका. नाहीतर कंप्रेसर मीटरपाशी ठेवा आणि हवेचा पाइप लांबवा. पिन गनला ८ मिलिमीटर भोकाचा लांब पाइप चालतो, मोटारीला लांब बारीक वायर चालत नाही.

आणखी एक. तुमच्याकडं लाइट जाते-येते. कंप्रेसर चालू असताना लाइट गेली तर ऑटो स्विच बंद झालेलाच नसतो, त्यामुळं अनलोडर उघडत नाही आणि हेडमध्ये हवा अडकून राहते. लाइट आली की मोटार भरल्या पंपावर उठायला बघते. म्हणून लाइट गेली की आधी स्विचचा खटका हातानं बंद करा, ‘फुस्स’ ऐका. लाइट आल्यावर चालू करा. भिंतीवरचं बटण काढून कंप्रेसर बंद करायची सवय असेल तर तीही सोडा, कारण त्यातही हेच होतं.

बेळगावातून एक डेकोरेशनवाले : “शिवजयंतीच्या चित्ररथाचं काम रात्री मैदानात करतो. तीन केव्हीएच्या जनरेटरवर दोन एचपीचा कंप्रेसर जेमतेम फिरतो, कधी जनरेटरच बसतो. घरच्या लाइटवर मात्र काहीच तक्रार नाही.”

वर सुरू होतानाच्या करंटचं लिहिलंय तेच इथं. चालताना तुमच्या मोटारीला तीन केव्हीए पुरतो, उठताना पुरत नाही. दोन एचपीला किमान पाच केव्हीए धरा. हातात तीनचाच असेल तर ड्रेन कॉक उघडा ठेवून कंप्रेसर चालू करा, मोटारीनं वेग घेतला की कॉक बंद करा. पण टाकी भरून ऑटो पडला की पुढच्या वेळी परत तेच, म्हणून हा उपाय एका रात्रीपुरता. चित्ररथाला फ्रेम आणि प्लायच ठोकायचं असेल तर एक एचपीचा कंप्रेसर पुरेसा आहे. पिन गनला हवा थोडी लागते, स्प्रे पेंटिंगला मात्र कितीतरी जास्त.

वडगाव, बेळगाव इथल्या एक ताई, सोफ्याचे सांगाडे करतात : “काका, माझी एफ-३० पिन गन आहे. पाइप जोडला की मागच्या भोकातून हवा सुटते. कधी दोन-चार पिना मारल्यावर थांबते, कधी थांबतच नाही. आत घाण असेल म्हणून मुलानं खोलून थिनरनं स्वच्छ धुतली. त्या दिवसापासून पाती खाली गेली की वर येईना झालीय. गन नवी घ्यावी का?”

नवी घेऊ नका. ताई, दोन वेगळी दुखणी आहेत, आणि दुसरं थिनरनं आलंय.

गनच्या आत काय चालतं ते कळलं की कुठलीही गळती तुम्ही स्वतः ओळखाल. पाइप जोडला की हवा मुठीत भरते, आणि वरच्या झाकणाखाली हेड व्हॉल्व्हच्या डोक्यावरही जाऊन बसते. ती हवा हेड व्हॉल्व्हला खाली दाबून धरते, म्हणून सिलिंडरचं तोंड बंद असतं. ट्रिगर ओढला की डोक्यावरची हवा निघून जाते, हेड व्हॉल्व्ह उचलला जातो, मुठीतली सगळी हवा पिस्टनवर आदळते. पिस्टनला जोडलेली पाती पिन ठोकते. पिस्टन खाली येताना सिलिंडरच्या भोवतीच्या पोकळीत थोडी हवा शिरून बसते. ट्रिगर सोडला की हेड व्हॉल्व्ह परत बंद, पिस्टनच्या वरची हवा एक्झॉस्टच्या भोकातून बाहेर, आणि पोकळीतली साठलेली हवा पिस्टनला खालून वर ढकलते. पाती वर आणायला या गनमध्ये स्प्रिंग नसते, ते काम त्या उरलेल्या हवेचं.

म्हणून बघा : ट्रिगरला हात न लावता एक्झॉस्टमधून हवा सुटत असेल, तर हेड व्हॉल्व्ह नीट बसत नाही, म्हणजे त्याची ओ-रिंग (हवा अडवणारी रबरी कडी) कोरडी, झिजलेली किंवा चिरलेली. तुमचं पहिलं दुखणं हे. दोन-चार पिनांनंतर थांबतं ते रिंग जागेवर सरकते म्हणून. ट्रिगरच्या दांडीपाशी हवा सुटली तर ट्रिगर व्हॉल्व्हच्या बारीक ओ-रिंगा गेल्या. झाकणाच्या सांध्यातून सुटली तर स्क्रू सैल किंवा पॅकिंग फाटलेलं. आणि ट्रिगर दाबून धरल्यावर पुढच्या नाकाडातून हवा येत राहिली तर पिस्टन ज्याच्यावर येऊन आदळतो तो रबरी बंपर झिजलाय. बंपरचे तुकडे पडले की पाती खाली अडकते, किंवा पोकळीतली हवा पुढून निसटते आणि पातीला वर ढकलायला काही उरत नाही.

थिनरचं काय झालं? गनमधल्या रिंगा बहुतेक नायट्राइल रबराच्या असतात. तेलाला हे रबर टिकतं, पण एनसी थिनरमधल्या द्रव्यांनी फुगतं आणि मऊ पडतं. पिस्टनची रिंग फुगली की ती सिलिंडरला घट्ट धरते, आणि उरलेल्या थोड्या हवेला पिस्टन ढकलवत नाही. त्यात थिनरनं आतलं सगळं तेलही नेलं. त्यामुळं आता पिस्टनची, हेड व्हॉल्व्हची आणि ट्रिगरची अशा सगळ्याच रिंगा बदला. तुमच्या गनच्या मॉडेलचं ओ-रिंग किट मागा. किट मिळालं नाही तर जुन्या रिंगेच्या मापावर जाऊ नका, कारण ती आता फुगलीय. रिंग ज्या खाचेत बसते ती खाच व्हर्नियरनं मोजून घ्या. नळाचा वॉशर चालवून घेऊ नका. मापानं बसला तरी सेकंदात आदळणाऱ्या पिस्टनवर तो टिकत नाही.

नव्या रिंगांना सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात लावा. झाकणाचे स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळा. एकच बाजू आधी आवळली तर हेड व्हॉल्व्ह तिरका बसतो आणि परत पहिली गळती. पुढं कधी घाण झाली तर कोरड्या फडक्यानं पुसा आणि तेल घाला, एवढं बास. मुलानं गन खोलली याचा मला आनंदच वाटला, त्याला रागावू नका. फक्त पाइप काढल्याशिवाय आणि पिनांची पट्टी बाहेर घेतल्याशिवाय स्क्रूला हात लावायचा नाही, हे त्याच्याकडून वदवून घ्या. पाइप काढल्यावरही गन रिकाम्या लाकडावर टेकवून एकदा ट्रिगर ओढा, मुठीत उरलेली हवा जाते.

जांबोटीहून : “पावसाळ्यात गनमधून पाणी उडतं. सागवानाच्या पॉलिशवर डाग पडतात. कंप्रेसरमध्ये पाणी जातंय कुठून? शेड कोरडी आहे.”

पाणी हवेतून येतं. जुलैत तुमच्या भागात हवा जवळजवळ पूर्ण भिजलेली असते, एका घनमीटरमध्ये २० ग्रॅमच्या आसपास वाफ. मिनिटाला १५० लिटर हवा ओढणारा पंप तासभर चालला तर ९ घनमीटर हवा आत गेली. ती ८ किलोपर्यंत दाबून टाकीत थंड झाली की तिला जेमतेम नवव्या हिश्शाएवढीच वाफ धरून ठेवता येते. बाकीचं पाणी होतं. पंपाच्या एका तासात दीडशे मिलिलिटरच्या आसपास पाणी तुमच्या टाकीत उतरतं, शेड कितीही कोरडी असली तरी.

रोज संध्याकाळी, टाकीत किलो-दोन किलो दाब असताना, ड्रेन कॉक उघडा आणि पाणी संपून नुसती हवा येईपर्यंत उघडा ठेवा. कणकुंबी-जांबोटीच्या पट्ट्यात दुपारीही एकदा. कंप्रेसर अशा उतारावर ठेवा की कॉक सगळ्यात खाली येईल. बऱ्याच शेडमध्ये चाकाखाली फळकूट घातलेलं असतं आणि कॉक वरच्या अंगाला येतो, मग तळातलं पाणी कधी निघतच नाही. रेग्युलेटरच्या आधी पाणी पकडणारा फिल्टर लावा, आणि तो कंप्रेसरला चिकटून नव्हे, थोडा पाइप सोडून, म्हणजे हवा आधी गार होईल. कंप्रेसरच्या काचेत तेल दुधासारखं पांढरट दिसलं तर तेलातही पाणी गेलंय. ते लगेच बदला.

निपाणीहून : “जुनी टाकी आहे. तळाला सुईएवढं भोक पडलंय, हवा सुटते. गॅस वेल्डिंगवाला म्हणतो टाका घालून देतो. घालू का?”

नाही. कृपा करून नाही. हे उत्तर मी सगळ्यात वर छापायला सांगणार होतो.

सुईएवढं भोक म्हणजे एवढीच जागा गंजली असं नसतं. तळात पाणी साठून आतून पत्रा खात आलेला असतो आणि सगळ्यात पातळ जागी भोक पडलेलं असतं. त्याच्या भोवतालचा पत्रा कागदासारखा झालेला असणार. त्यावर वेल्डिंगचा ताव दिला की तो आणखी कमजोर होतो. हिशेब करा : ३० सेंटिमीटर व्यासाच्या टाकीच्या एका झाकणावर दर चौरस सेंटिमीटरला ८ किलोच्या दाबानं साडेपाच टनांहून जास्त जोर असतो. तो पत्रा फाटला तर फुग्यासारखी हवा जात नाही, टाकी फाटून उडते. शेडमध्ये माणसं असतात, पोरं येऊन-जाऊन असतात. टाकी भंगारात द्या, आणि देताना तिला मोठं भोक पाडून द्या, म्हणजे दुसरं कुणी ती वापरणार नाही. पंप आणि मोटार चांगली असतील तर नव्या टाकीवर बसतात. नवी टाकी आली की महिन्यातून एकदा सेफ्टी व्हॉल्व्हची कडी ओढून तो मोकळा सुटतो का ते बघत जा. तो कायम गळतो म्हणून बोल्ट मारून बुजवलेल्या टाक्या मी पाहिल्यात. अशा टाकीजवळ उभंही राहू नका.

याच पत्रात खाली विचारलंय की कंप्रेसर बंद असताना वेल्डिंगच्या ऑक्सिजन सिलिंडरवर गन चालेल का. कधीच नाही. गनमध्ये तेल असतं, आणि दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये तेल पेट घेतं. गन हातात फुटते. दुसरी कुठलीही सिलिंडरची गॅसही नको. हवेच्या गनला फक्त कंप्रेसरची हवा.

उद्यमबागेतून, पॅकिंगच्या पेट्या करणारे : “थ्री फेजचा पट्ट्यावरचा कंप्रेसर आहे, त्यावर चार कॉइल नेलर (गुंडाळीतले खिळे मारणाऱ्या गन) चालतात. आमच्या गल्लीत डीपीचं काम झालं. तेव्हापासून हेड फार तापतं, हवा मात्र भरते.”

पंपाच्या मोठ्या चाकावर किंवा जाळीवर बाण असतो. चाक त्याच दिशेनं फिरतंय का बघा. लाइनच्या कामात दोन फेज अदलाबदल झाल्या की मोटार उलटी फिरते. पिस्टन पंप उलटा फिरला तरी हवा भरतो, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. पण चाकाच्या आऱ्या या पंख्याच्या पात्यांसारख्या असतात. दिशा उलटली की वारा हेडवर यायचा तो उलटा जातो. हेड तापलं की व्हॉल्व्हच्या पत्त्यांवर तेल जळून कार्बन होतो, आणि तेच कण पुढं एनआरव्हीत जाऊन बसतात. इलेक्ट्रिशियनकडून तीनपैकी कुठल्याही दोन वायरी बदलून घ्या. त्याच वेळी सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर आहे का विचारा. एक फेज गेली तरी चालू मोटार दोनवर रखडत राहते आणि जळते. चाकाची दिशा बरोबर असेल तर हेडच्या पंख्यांमधला भुसा झाडा आणि हवेचा फिल्टर बघा.

येळ्ळूरहून : “नवीन ऑइल-फ्री कंप्रेसर घेतलाय. त्यात कुठलं तेल घालू? आणि गनमध्ये मोटारसायकलचं इंजिन ऑइल चालतं का?”

कंप्रेसरमध्ये कुठलंच नाही. त्याच्या पिस्टनला टेफ्लॉनची रिंग असते, तेल घातलं तर त्यावर भुसा आणि धूळ चिकटून रिंग लवकर जाते. गनला मात्र तेल लागतं, कारण ऑइल-फ्री कंप्रेसरच्या हवेत तेलाचा अंशही नसतो. हवेच्या टूलचं पातळ तेल घ्या, ३२ नंबरचं. इंजिन ऑइल जाड असतं आणि त्यातल्या मिसळींनी काही रिंगा फुगतात. गंज सोडवायचा स्प्रेही नको, तो असलेलं तेल धुऊन नेतो. रोज सकाळी पाइप जोडण्याआधी गन उलटी धरून हवेच्या तोंडात दोन-तीन थेंब टाका, मग पाइप जोडून टाकाऊ फळीवर पाच-सहा पिना मारा, म्हणजे जादाचं तेल एक्झॉस्टमधून तिथंच उडून जाईल आणि तुमच्या कामावर डाग पडणार नाही.